१७ फुटी जुन्या गळाच्या बोटीचं नूतनीकरण: वाईच्या शेडमधल्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

बोट शेडमध्ये घेतली. हाताने काचतंतूंची मॅट बसवून केलेली १७ फुटी एफआरपी (फायबरग्लास) बोट, रुंदी ६ फूट ४ इंच, मधोमध कन्सोल (सुकाणूचा उभा खोका), मागे ४० अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, शाफ्ट २० इंची. वय वीसच्या पुढे. आजवर रत्नागिरीकडे खाऱ्या पाण्यात होती, यापुढे धोमच्या जलाशयावर हौशी गळकऱ्यांसाठी वापरायची आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे ट्रेलरवर आली.

मालकांची यादी अशी: फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारा पडदा), नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ट्रोलिंग मोटर (बोट हळू सरकवणारी विजेची मोटर), मासा जिवंत ठेवायची टाकी, रॉड होल्डर, नवा रंग. यादीतलं काहीही विकत आणण्याआधी इंजिन उतरवून बोट वजनकाट्यावर नेली. ट्रेलरसकट ९०० किलो, नुसता ट्रेलर २९० किलो, म्हणजे बोट ६१० किलो. काट्याची पायरी १० किलोची आहे, तरी आकडा पुरेसा बोलका आहे. या मापाची, या बांधणीची बोट कोरडी असेल तर सव्वाचारशे किलोच्या आसपास भरायला हवी. उरलेलं वजन पाण्याचं. ते डेकखालच्या फोममध्ये, तुळयांच्या लाकडात आणि ट्रान्समच्या प्लायमध्ये बसलेलं असणार.

प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकून पाहिला. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. कन्सोलच्या मागचा जवळजवळ सगळा भाग बद्द वाजतो. ट्रान्समला, म्हणजे इंजिन लटकतं त्या मागच्या उभ्या फळीला, आतून ६ मिमीचं भोक पाडलं. भुसा तपकिरी, ओला, आंबट वासाचा. कोरडा पिवळा भुसा आला असता तर निम्मं काम वाचलं असतं.

७ नोव्हेंबर

आज फक्त भोकं मोजली. ट्रान्समवर इंजिनच्या चार बोल्टांखेरीज २७ भोकं आहेत. वेळोवेळी बसवलेल्या आणि काढलेल्या ट्रान्सड्यूसरच्या (फिश फाइंडरच्या पाण्यातल्या सेन्सरच्या) पट्ट्या, शिडी, ट्रिम टॅब, कसलातरी पाइप. त्यातली बहुतेक वरवर सिलिकॉन लावून बुजवलेली. बोट कुजली ती वयाने नाही, या भोकांनी. स्क्रूच्या आट्यांमधून पाणी प्लायच्या गाभ्यात जातं, थर सुटतात, आणि बाहेरचं एफआरपी चकचकीत असल्याने वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून या कामापुरता नियम केला: नवी वस्तू बसवताना पाण्याच्या रेषेखाली किती भोकं लागतील ते आधी लिहायचं, आणि शून्यावर आणता येत असेल तर शून्यावर आणायचं.

सिलिकॉनबद्दल: ते ज्या जागी लागलं तिथे पुढे रेझिन, रंग, दुसरा सीलंट काहीच नीट धरत नाही. त्यावर थेट सँडर फिरवला तर पातळ थर आणखी पसरतो. आधी ब्लेडने खरवडायचं, मग ती जागा छिन्नीने किंवा काउंटरसिंकने कोरून काढायची, ग्राइंडिंग सर्वांत शेवटी.

१२ नोव्हेंबर

डेक कापण्याआधी बोटीला चार ठिकाणी आधार दिला. प्रत्येक आधाराची फळी त्या जागच्या तळाच्या आकारात कापली आणि वर जुनी सतरंजी ठोकली. हे टाळलं तर आतल्या तुळया काढल्यावर तळ स्वतःच्या वजनाने बसतो आणि नवं लॅमिनेशन (रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेचे थर) त्या वाकड्या आकारातच पक्कं होतं. मागच्या पाच फुटांत तळ आत वळला तर वेगात नाळ पाण्यात घुसते, बाहेर फुगला तर बोट उड्या मारते. कण्यालगत (तळाच्या मधल्या रेषेलगत) आणि दोन्ही कडांना ट्रान्समपासून पुढे दोरी ताणून फरक मोजला. तीन मिमीच्या आत आहे. हे आकडे तळावरच मार्करने लिहिले. तुळया बसल्यावर पुन्हा मोजायचे.

डेक कडेपासून ५० मिमी आत ठेवून कापला. ती ओठासारखी कड नव्या डेकला टेकू म्हणून राहते. ग्राइंडरला कटिंग व्हील, खोली १५ मिमीपेक्षा जास्त नाही, कारण खाली टाकी आणि वायरी आहेत. काचेची धूळ भयंकर उडते: पूर्ण बाह्या, चष्मा, पी-१०० फिल्टरचा मास्क. साधा कापडी रुमाल इथे उपयोगाचा नाही.

डेकखाली ओतलेला पीयू (पॉलियुरेथेन) फोम जवळजवळ पाव घनमीटर. कोरडा असता तर आठ किलो भरला असता. गोण्यांत भरून वजन केलं तर ११८ किलो. हाताने पिळला की पाणी निथळतं. हा फोम बंद पेशींचा असतो आणि पाणी पीत नाही असं विक्रेते सांगतात. काही महिने ते खरंही असतं. पाण्यात कायम बुडून राहिला की पेशींच्या भिंती फुटत जातात. या बोटीत फोम कण्यापर्यंत गच्च भरल्याने पाण्याला मागे वाहत जायला वाटच नव्हती.

१५ नोव्हेंबर

अंगची अॅल्युमिनियमची ६० लिटरची इंधनटाकी बाहेर काढली. वरून उत्तम. खालच्या बाजूला, ओल्या फोमला टेकलेल्या भागात, खड्डेच खड्डे. अॅल्युमिनियमला हवा मिळत राहिली तर त्यावरचा ऑक्साइडचा थर त्याला वाचवतो. ओला फोम बिलगून राहिला की तो थर टिकत नाही. टाकी भंगारात. जलाशयावर ६० लिटरची गरजही नाही. पूर्ण थ्रॉटलला हे इंजिन तासाला १८ लिटरच्या आसपास पितं, आणि गळाला बसलेली बोट दिवसातला थोडाच वेळ पळते. २४ लिटरची सुटी एचडीपीई (टणक प्लास्टिकची) टाकी मागे, पट्ट्याने बांधलेली. डेकखाली पेट्रोल नाही म्हणजे वाफ साठण्याची भानगडही नाही.

कुणी एफआरपीची टाकी करून देतो म्हणालं तर नको म्हणावं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्या पॉलिएस्टर रेझिनला हळूहळू विरघळवतं आणि तो चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो.

२१ नोव्हेंबर

आतला तळ ४० ग्रीटच्या फ्लॅप डिस्कने घासून कोऱ्या काचेपर्यंत आणला. मग गोड्या पाण्याने धुतला, सुकवला, पुन्हा धुतला. खाऱ्या पाण्यातून आलेल्या बोटीला हे लागतंच. लॅमिनेटच्या छिद्रांत मीठ उरलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि वरून दिलेला नवा थर महिन्याभरात फोड धरतो.

वाळवण्यासाठी दिवे नाहीत, फक्त दोन पंखे. ओल आहे की गेली ते पाहायला रात्री तळावर फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवतो. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबायचं. नोव्हेंबरची वाईची कोरडी हवा या कामाला सोन्यासारखी. हेच जुलैत काढलं असतं तर दिवाळीपर्यंत नुसते पंखे चालले असते.

२८ नोव्हेंबर

तुळया, म्हणजे स्ट्रिंगर. मूळ लाकडी, ५० बाय १५० मिमी, वर मॅटचा जेमतेम एक थर. लाकूड भिजलेल्या पोह्यासारखं हाताने निघालं.

कामाचा क्रम ठरवण्यामागे एक रासायनिक कारण आहे. पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही. त्यामुळे पॉलिएस्टरची सगळी कामं आधी आणि ट्रान्समचं इपॉक्सी नंतर. उलट केलं तर तुळईचं मागचं टोक इपॉक्सीवर येईल आणि पहिल्या मोठ्या दणक्याला सुटेल.

नव्या तुळया लाकडाच्या नाहीत. पीयू फोमच्या कडक फळीला आकार देऊन तिच्यावर जाड लॅमिनेट. ताकद लॅमिनेटची, फोम फक्त साचा; पुढे तो भिजला तरी तुळईला काही होत नाही. थर असे: ४५० ग्रॅमची (दर चौरस मीटरला) मॅट, ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (विणलेलं काचेचं कापड), मॅट, रोव्हिंग, मॅट. एकूण जाडी साडेचार मिमीच्या आसपास. दोन्ही बाजूंना तळावर ७५ मिमी पाय, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे, म्हणजे काठ पायरीने उतरतो. रोव्हिंग कधीही थेट जुन्या तळावर टाकायचं नाही. त्याची वीण जाड असते, खालच्या पृष्ठभागाला पूर्ण टेकत नाही आणि मधे पोकळ्या राहतात. मॅट मधे असली की ती फट भरते.

साहित्याचा हिशोब: दोन्ही तुळया प्रत्येकी ३.९ मीटर, घेर अर्धा मीटर, म्हणजे एका थराला ३.९ चौरस मीटर. मॅट तीन थरांना सव्वापाच किलो, रोव्हिंग दोन थरांना पावणेपाच किलो. मॅटला वजनाच्या सव्वादोन-अडीच पट रेझिन, रोव्हिंगला जवळपास वजनाइतकंच. रेझिन १७ किलो धरलं, वाया जाणारं मिळून १९ आणलं. आयसोफ्थॅलिक घेतलं. साधं जीपी रेझिन स्वस्त पडतं, पण पाण्याखाली राहणाऱ्या कामाला ते कमी टिकाऊ.

हार्डनर दीड टक्का, म्हणजे किलोला १५ ग्रॅम. दुपारी २७-२८ अंशाला वीस-पंचवीस मिनिटांत जेल धरतं. सकाळी शेडमध्ये १५ अंशांच्या खाली असेल तर कामच सुरू करायचं नाही. दोन टक्क्यांच्या वर हार्डनर ढकलून थंडीवर मात करायला गेलं की वरचा थर ठिसूळ होतो आणि आतला कच्चा राहतो. लॅमिनेशनची वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी चार ठेवली.

एक इशारा शेडच्या भिंतीवर कायमचा लिहिला आहे: कोबाल्ट (रेझिन लवकर पकडावं म्हणून घालतात ते रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. शक्यतो कोबाल्ट घातलेलंच रेझिन मागवावं.

एक तुळई कापून तिच्या जागी नवी पक्की झाल्यावरच दुसरी कापली. दोन्ही एकदम काढल्या असत्या तर आधार असूनही तळ हलला असता. एका बैठकीत तीन थर, बाकीचे दुसऱ्या दिवशी. पाचही थर एकदम दिले तर आत इतकी उष्णता साठते की रेझिनला तडे जातात आणि फोम जळतो. दोरी ताणून पुन्हा मोजलं: फरक पूर्वीइतकाच.

६ डिसेंबर

ट्रान्सम. सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून सविस्तर.

आतून उघडला, कारण बाहेरच्या पाच मिमी कातडीला आकार आणि जेलकोट (वरचा चकचकीत रंगीत थर) दोन्ही आहेत. ती वाचवली की साचा फुकट मिळतो. कातडी एकटी राहिली की लवते. तिला बाहेरून ४० बाय ४० च्या दोन लोखंडी चौकोनी पाइपांनी सरळ धरलं. कुजका प्लाय छिन्नीने काढला. कोपऱ्यांतला शेवटचा दोन इंच चांगला दिसत होता आणि घट्टही होता, तरी काढला. त्यात बुरशी पोचलेली असते.

पुठ्ठ्याचा फर्मा करून आयएस ७१० शिक्क्याचा १९ मिमी प्लाय दोनदा कापला. शिक्का पाहून घ्यावा. ‘मरीन’ असं तोंडी सांगून विकला जाणारा प्लाय तासभर उकळत्या पाण्यात टाकला की कळतं काय ते. दोन फळ्या मिळून ३८ मिमी, त्यावर आतलं-बाहेरचं लॅमिनेट, एकूण ४६-४७ मिमी. इंजिनच्या क्लॅम्पला चालतं.

चिकटवण्याची पद्धत: कातडीला आणि प्लायच्या दोन्ही अंगांना आधी नुसतं पातळ इपॉक्सी. कडांचा आडवा धागा तहानलेला असतो, तिथे पिणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. ते चिकट असतानाच एरोसिल (सिलिकाची अतिबारीक पूड) घालून लोण्याइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी दाते असलेल्या पट्टीने ओढायचं, थर तीन मिमी. मग प्लाय दाबायचा. चारही कडांनी रांग बाहेर आली पाहिजे. जिथून आली नाही तिथे आत हवा आहे. चॉक पावडरची पुट्टी इथे वापरणारे कारागीर आहेत. ती पाणी पिते, पाण्याखालच्या सांध्यात तिला जागा नाही.

दाबून धरायला स्क्रू मारण्याचा मोह होतो. त्याऐवजी इंजिनच्या चार बोल्टांच्या जागीच बोल्ट घालून आवळलं आणि उरलेल्या भागाला वरून क्लॅम्प, खालून लाकडी धिरे. नवं भोक एकही नाही. फार आवळलं तर इपॉक्सी सगळं बाहेर पडतं आणि सांधा उपाशी राहतो. पॉलिएस्टर आणि इपॉक्सीमधला हा फरक कारागिराला सांगावा लागतो, इपॉक्सीला थोडी जाडी हवी असते.

दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणचट थर आला, तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुतला, मग ८० ग्रीट. आतल्या सगळ्या कोनांत २५ मिमी त्रिज्येची गोलाई भरली. काच काटकोनात वळत नाही, तिथे पोकळी धरते. वर ६०० ग्रॅमचं तिरप्या विणीचं बायअॅक्सियल कापड, तीन थर, बाजूंवर आणि तळावर अनुक्रमे १००, १५० आणि २०० मिमी चढवून. मॅट इथे चालत नाही, कारण तिचे धागे बांधणारा चिकटा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही आणि मॅट कडकच राहते. तुळयांची टोकं ट्रान्समला त्याच कापडाने बांधली, दोन्हीकडे प्लायचे त्रिकोणी ढोपर दिले. एकूण इपॉक्सी पावणेसात किलो लागलं.

१३ डिसेंबर

ट्रान्समची जुनी भोकं बाहेरून बंद. प्रत्येकाच्या भोवती कातडी १२ पट उतार देऊन घासली, म्हणजे पाच मिमी जाडीला चहूबाजूंनी ६० मिमी. नुसतं पुट्टीचं बूच मारलं तर तापमान बदलताना गोल चीर पडते. बायअॅक्सियलच्या छोट्या होत जाणाऱ्या चकत्या, मोठी आधी.

इंजिनच्या १२ मिमी बोल्टांसाठी १८ मिमीचं भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरलं, पक्कं झाल्यावर साडेबाराचं पुन्हा पाडलं. आता पाणी सीलंट ओलांडून आलं तरी त्याला इपॉक्सीची नळी लागते, प्लाय नाही. यापुढे या बोटीवर लाकडात जाणारं प्रत्येक भोक असंच.

नंतर आत ५० मिमी पाणी भरून रात्रभर ठेवलं. बाहेरून कण्याजवळ एका जागी घाम दिसला, जुनी ड्रेनची पितळी नळी. काढून नवी बसवली, पॉलियुरेथेन सीलंटवर.

१९ डिसेंबर

तरंगशक्ती. बोट पाण्याने भरली तरी बुडू नये, आणि उलटीही होऊ नये, या दोन वेगळ्या अटी आहेत. पाण्याखाली एफआरपीचं वजन सुमारे एक तृतीयांश उरतं: २७० किलोचे ९०. इंजिन ७५ किलोचे ५६ धरले. बॅटऱ्या, नांगर, लोखंड ४५ चे ३६. एकूण १८२ किलो. प्लायचा तरंगण्याचा फायदा मुद्दाम धरला नाही. ०.२६ घनमीटर पीयू फोम २५० किलो उचलतो, म्हणजे सत्तरेक किलो शिल्लक, पाण्यात कडेला धरून राहिलेल्या माणसांसाठी.

फोम जागेवर ओतला नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यांत प्लास्टिक घालून वेगळे ठोकळे ओतले, जाड पॉलिथिनमध्ये बांधले आणि डेकखाली दोन्ही कडांना शक्य तितके वर आणि मागे, इंजिनजवळ, पट्ट्यांनी अडकवले. मधली नाली कण्यापर्यंत मोकळी. फोम खाली-मधे असला तर भरलेली बोट पालथी होते. ठोकळा झाकणातून बाहेर काढून वजन करता येतो हा मोठा फायदा. थर्मोकोल स्वस्त म्हणून कुणी सुचवलं होतं. त्याला पेट्रोलचा थेंब लागला की तो विरघळतो.

२८ डिसेंबर

डेक: १२ मिमी आयएस ७१०, खालच्या अंगाला इपॉक्सीचे दोन हात, कडांना तीन. जुन्या ओठावर आणि तुळयांवर घट्ट इपॉक्सीच्या रांगेत बसवला, वरून बायअॅक्सियलचे दोन थर, कडेला १०० मिमी चढवून. पाहणीची तीन झाकणं ठेवली. झाकणाच्या चौकटीच्या कापलेल्या कडांवर इपॉक्सी न देता स्क्रू मारणं हेच डेक कुजण्याचं सर्वांत सामान्य कारण आहे.

६ जानेवारी २०२५

कागदपत्रं. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ खाली नोंदणीची चौकशी मालकांनी सुरू केली. जलाशय जलसंपदा विभागाचा, मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला. दोन्हीकडून लेखी परवानगी हातात आल्याशिवाय पाण्यावरची चाचणी लावणार नाही.

१० जानेवारी

रंग. पाण्याखालचा भाग जेलकोटने दुरुस्त केला, वरच्या बाजूंना दोन घटकांचा पीयू रंग. रोलरने लावून लगेच ब्रशच्या टोकाने ओढला. फवाऱ्याने देखणा बसतो, पण त्यातला आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे आणि आपल्या शेडमध्ये बाहेरून हवा पुरवणारे मास्क नाहीत. डेकला फिकट करडा, वर रंग ओला असताना बारीक सिलिका वाळू. गडद डेकवर एप्रिलमध्ये अनवाणी उभं राहता येत नाही. शेवाळरोधक रंग नको. बोट ट्रेलरवर राहणार आहे.

१८ जानेवारी

इंजिन. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरांत दहा टक्क्यांच्या आतल्या फरकाचं, त्यामुळे आत हात घातला नाही. हेडचं झाकण उघडलं तर पाण्याच्या वाटा मिठाने निम्म्या बुजलेल्या, थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. साफ करून थर्मोस्टॅट, गॅस्केट, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर नवे. इम्पेलरची पाती एका बाजूला कायमची वाकलेली असतील तर तुटायची वाट बघू नये. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे आत पाणी. प्रॉपेलर शाफ्टच्या सीलखाली मासे पकडायची तंगूस गुंडाळलेली सापडली. गळाच्या बोटीत हे ठरलेलंच आहे, दर काही महिन्यांनी प्रॉपेलर काढून बघावं. सील बदलून १५ पीएसआय हवा भरली, पाच मिनिटं काटा हलला नाही.

जस्ताचे अॅनोड (स्वतः झिजून इंजिनचा धातू वाचवणारे तुकडे) काढून मॅग्नेशियमचे लावले. गोड्या पाण्यात जस्तावर कडक पापुद्रा धरतो आणि ते काम करणं थांबवतं. बोट पुन्हा कधी समुद्रावर न्यायची असेल तर त्याआधी अॅल्युमिनियमचे लावायचे, कारण मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात भराभर झिजतं.

इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगून मऊ झाल्या होत्या. सगळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, मधे १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर. तेल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, प्रमाण ५० ला १, म्हणजे दहा लिटरला २०० मिली. दुचाकीचं टू-टी तेल नको. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनसाठी असतं.

फोर-स्ट्रोक घ्यावं का, ही चर्चा झाली. धूर आणि पाण्यावरचा तेलाचा तवंग कमी होईल, आणि या पाण्यावर शेती-गावं आहेत हे खरंच. पण वजन वीस-पंचवीस किलोंनी वाढतं, तेही सर्वांत मागच्या टोकाला. निर्णय पुढच्या हंगामावर. ट्रान्सम आता ते पेलेल.

२६ जानेवारी

वायरिंग पूर्ण नवं, कथिल चढवलेली तांब्याची वायर. हिशोबाचा नमुना: बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) ताशी ११०० गॅलनचा, म्हणजे कागदावर ४१६० लिटर, प्रत्यक्षात मीटरभर उंचीवर ढकलताना बराच कमी. ओढतो ४ अँपिअर. बॅटरीपासून पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. दीड चौमिमी वायरीत ०.४८ व्होल्ट गळतात, म्हणजे चार टक्के. अडीच चौमिमीत ०.२९, अडीच टक्क्यांच्या आत. अडीचची टाकली. पंप फ्लोट स्विचसकट मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर, स्वतःच्या ५ अँपिअर फ्यूजवर. मुख्य स्विच बंद करून घरी गेल्यावरच बोटीत पाऊस भरतो.

ट्रोलिंग मोटर १२ व्होल्ट, ५५ पौंड थ्रस्ट, पूर्ण जोराला ५० अँपिअर. नाळेपर्यंत चार मीटर. १६ चौमिमी केबलीत पावणेचार टक्के गळती, २५ मध्ये अडीचच्या आत. २५ घेतली, ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीला लागून. तिच्यासाठी वेगळी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, वजन १२ किलो. शिशाची तीस भरली असती आणि निम्मीच वापरता आली असती. या बॅटरीला इंजिनचं चार्जिंग जोडलेलं नाही. जुन्या टू-स्ट्रोकच्या रेक्टिफायरला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नसतो. ती घरी तिच्याच चार्जरवर.

४ फेब्रुवारी

जोडण्या. ट्रान्सड्यूसरसाठी ट्रान्समवर १२ मिमी एफआरपीची पट्टी इपॉक्सीने चिकटवली, स्क्रू फक्त त्या पट्टीत. अनेक जण एचडीपीईची फळी चिकटवतात. तिला इपॉक्सी नीट धरत नाही, शेवटी स्क्रूच मारावे लागतात. ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूला, प्रॉपेलरपासून ४० सेंमी लांब, तळाखाली तीन मिमी, आणि त्याच्या पुढे तळावर एकही उंचवटा येणार नाही अशा रेषेत. पुढून बुडबुडे आले की वेगात पडदा कोरा होतो.

जिवंत माशांची टाकी ७० लिटर, कोपरे गोल, कन्सोलच्या लगेच पुढे. भरल्यावर ती ७० किलो होते, मागे ठेवून चालणार नाही. पाणी घ्यायला तळात भोक पाडलेलं नाही. कडेवरून पाण्यात सोडायचा पंप, टायमरवर. थोडं गैरसोयीचं, पण नियम पाळला. रॉड होल्डर आठच्या जागी सहा, ३० अंशांचे, खालून पाच मिमी एफआरपीच्या पट्ट्या देऊन. मागचे दोन इंजिन पूर्ण वळलं की त्यालाच घासले असते.

पाण्याच्या रेषेखाली नवी भोकं: शून्य.

९ फेब्रुवारी

ट्रेलर. चाकांचे बेअरिंग आणि सील नवे, टायर बदलले (बाजूवरच्या चार आकडी शिक्क्यात आठवडा आणि वर्ष असतं, ट्रेलरचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो). बोटीचा मागचा टोकाचा भाग आधी ट्रेलरच्या आधारपट्ट्यांच्या बाहेर लटकत होता, पट्ट्या ट्रान्समच्या मागे ४० मिमीपर्यंत नेल्या. घाटातून आल्यावर गरम बेअरिंग लगेच पाण्यात घालू नयेत. आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते.

वजनकाटा: ट्रेलरसकट ७४०, बोट ४५०. यात बॅटऱ्या, टाकी, सगळ्या जोडण्या आल्या.

१६ फेब्रुवारी

परवानग्या आल्या, धोमवर उतरवली. आधी इंजिन न लावता अर्धा तास. तिन्ही झाकणांखाली कोरडं. मग इंजिन, तीन माणसं, भरलेली टाकी. मागच्या स्कपरचं (डेकवरचं पाणी बाहेर जायचं) भोक पाण्याच्या ६० मिमी वर. जुन्या वजनाला ते पाण्याखाली जात असणार, म्हणूनच डेक कायम ओला राहायचा.

इंजिनची प्रॉपेलरच्या वरची आडवी पट्टी तळाखाली १५ मिमी ठेवून सुरुवात. पूर्ण थ्रॉटलला १२ पिचच्या (पिच म्हणजे प्रॉपेलर एका फेरीत कागदावर जितके इंच पुढे जातो ते) जुन्या प्रॉपेलरवर ४७०० आरपीएम. इंजिनची मर्यादा ४५०० ते ५५००. समुद्रावर हाच प्रॉपेलर बरोबर होता. इथली उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, हवा विरळ, दर ३०० मीटरला तीनेक टक्के ताकद जाते. ११ पिच लावून आणि इंजिन एक भोक वर घेऊन ५०५०. दोन माणसांनी ताशी ३७ किलोमीटर, तीन माणसांनी ३३. वळणावर प्रॉपेलर हवा धरत नाही. अजून एक भोक वर घेतलं तर धरतो, म्हणून इथेच ठेवलं.

फिश फाइंडर ३० च्या वेगातही तळ दाखवतो. ट्रोलिंग मोटर चालू केली की पडद्यावर बारीक रेषा येत होत्या. फिश फाइंडरची वायर मोटरच्या केबलीपासून वेगळ्या बाजूने नेल्यावर गेल्या.

बाकी: दहा तासांनी इंजिनचे बोल्ट पुन्हा आवळणे, पन्नास तासांनी गिअर ऑइलचा रंग पाहणे. मे मध्ये पाणी खाली गेल्यावर खडक उघडे पडतात, तेव्हा तळाची पाहणी. पावसाळ्याआधी मागच्या दोन फोम ठोकळ्यांचं वजन. आजचे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिले आहेत, १.२ आणि १.३ किलो.